खांबांचं इंग्रजी

ब्लाझेनाबाई कुचेरोव्हांनी साठी उलटल्यावर इंग्रजी शिकायला घेतलं, तेव्हा बोर्झेतीन गावाला वाटलं, हा नव्या व्यवस्थापिकेचा धाक. धाक होताच. मार्केता नावाची ती पोरगी प्रागहून महालाचा कारभार बघायला आली आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, "येत्या हंगामापासून ज्या गाईडला इंग्रजीतून महाल दाखवता येणार नाही, त्यानं तिकिटाच्या खिडकीत बसायचं." उभा जन्म महाल दाखवण्यात घालवलेल्या बाईला खिडकीत बसवायचं म्हणजे कीर्तनकाराला चपला सांभाळायला बसवल्यासारखंच की!

पण ब्लाझेनाबाई मार्केताला भिणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचं कारण निराळं होतं. त्यांना एक नात होती. टेसा तिचं नाव, वय सोळा, मुक्काम इंग्लंड, आणि चेक भाषेच्या नावानं बोंब. आजीला इंग्रजी येत नाही, नातीला चेक येत नाही. सोळा वर्षांत दोघींचं एकमेकींशी जे काही बोलणं झालं, ते "आजी", "अजून वाढू?" आणि "पुरे" यांच्या पलीकडे गेलं नव्हतं. बाकी सगळं लेकीच्या तोंडून. आणि दुसऱ्याच्या तोंडून आलेली माया म्हणजे पाणी घालून वाढवलेलं सूप. पोट भरतं, चव लागत नाही.

ती लेक, यित्का, विसाव्या वर्षी कुणाची तरी मुलं सांभाळायच्या कामाला म्हणून लीड्सला गेली आणि तिथलीच झाली. ती निघाली त्या दिवशी बस स्टँडवर ब्लाझेनाबाई रागाच्या भरात बोलून गेल्या होत्या, "जायचं तर जा. पण मग या घरी येशील ती पाहुणी म्हणून." बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. लेकीनं तो शब्द अगदी इमानदारीनं पाळला. दोन-तीन उन्हाळ्यांआड यायची, आठवडाभर राहायची, जाताना चादरीची घडी घालून ठेवायची. ती घडी बघितली की ब्लाझेनाबाईंना रडू यायचं. पण "मी चुकले" हे दोन शब्द त्यांना आपल्या भाषेतसुद्धा कधी म्हणता आले नाहीत. स्वभाव! दुसरं काय.

नाताळात यित्काचा फोन आला. "आई, जुलैत येतोय आम्ही. मी आणि टेसा."

"आणि जावईबापू? गॅरेथ?"

"त्याला सुट्टी नाही."

"भांडलात की काय?"

"आई, सुट्टी नाहीये त्याला," यित्का म्हणाली आणि हवापाण्यावर आली.

ब्लाझेनाबाईंनी त्याच आठवड्यात झावादिल सरांच्या वर्गात नाव घातलं. या खेपेला नातीशी आपण स्वतः बोलायचं, मधे कुणी नको, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

झावादिल सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर. इंग्लंड त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. उमेदीच्या वयात कम्युनिस्ट सरकार जाऊ देत नव्हतं, आणि जाऊ द्यायला लागलं तेव्हा गुडघे जाऊ देईनात. महाल हिवाळ्यात बंद असतो, म्हणून वर्ग तिकिटाच्या खोलीत भरायचा, दर मंगळवारी दुपारी. चार-पाच गाईड, एक विजेची शेगडी आणि सर. त्यांचं म्हणणं होतं की शब्द कागदावरून शिकू नये, वस्तूकडे बोट दाखवून शिकावा. त्यामुळे ते सगळ्यांना बर्फात बाहेर काढायचे आणि महालाच्या दर्शनी भागासमोर उभं करून काठी वर करायचे.

"वरचा तो त्रिकोण?"

"पेडिमेंट!" तोंडातून वाफ सोडत सगळे ओरडायचे.

"त्याच्या खालची नक्षीची पट्टी?"

"फ्रीझ!"

"खांबावरच्या उभ्या पन्हळी?"

"फ्लूटिंग!"

"आणि खांबाच्या डोक्यावरून छतापर्यंत जे जे आडवं आहे, ते सगळं मिळून?"

इथे मात्र सगळे गप्प. 'एन्टॅब्लेचर' म्हणताना व्लास्ता नावाच्या गाईडची जीभ अशी मुरगळली की ती म्हणाली, "सर, हा शब्द आहे की दंतवैद्याचं बिल?"

ब्लाझेनाबाईंना हे जड गेलं, पण वेगळ्या कारणानं. चेकमध्ये खांब म्हणजे माणूसच की. त्याला डोकं असतं, धड असतं, खाली टाच असते. इंग्रजीत त्याच डोक्याला 'कॅपिटल' म्हणायचं, धडाला 'शाफ्ट'. "हे कसलं बाई नाव," त्या म्हणायच्या, "हाक मारली तर खांब ओ तरी देईल का?" आणि तिथे सगळ्यांना एकच 'यू', याचाही त्यांना राग. "राजालाही यू आणि कुत्र्यालाही यू! नातीला माया कशी कळायची मग?"

"आवाजातून," सर म्हणायचे.

पण बाईंची घोकंपट्टी जबर. तरुणपणी रशियन पाहुण्यांसाठी सगळा महाल रशियनमध्ये पाठ केला होता. आता तोच इंग्रजीत. बटाटे सोलताना आयोनिक खांब, अंगणातला बर्फ लोटताना कॉरिन्थियन. महाल दाखवायची पद्धतच तशी. प्रत्येक दालनाचा ठरलेला मजकूर असतो. तो अस्खलित म्हणायचा, मागचं दार कुलूपबंद करायचं, पुढचं उघडायचं, पुढचा मजकूर म्हणायचा. कुणी मधेच थांबवलं तर ब्लाझेनाबाईंना त्या दालनाची गाडी पहिल्यापासून सुरू करावी लागे.

एकदा वर्ग सुटल्यावर सरांनी त्यांना थांबवलं. "बाई, व्लास्ता म्हणते तुमची नात येणारे."

"व्लास्ताच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ."

"अहो, मग हे खांब कशाला घोकताय? 'भूक लागली का', 'झोप झाली का', 'इकडे ये', 'काय झालं' एवढं शिकवतो ना मी. दोन मंगळवारांचं काम आहे."

"ते काय, यित्का सांगेल की. आधी मार्केताची परीक्षा होऊ दे."

खरी गोष्ट ही होती की ब्लाझेनाबाईंना नातीसमोर 'भूक लागली का' म्हणायचंच नव्हतं. ते तर पोरीनं सोळा वर्षं बघितलं होतं. अॅप्रन, पातेलं, अजून वाढू. त्यांना तिला दाखवायचं होतं की आजी निळ्या गणवेशात कशी दिसते, तिच्या हातात केवढा किल्ल्यांचा जुडगा असतो, आणि मोठमोठे लोक तिचं कसं मुकाट्यानं ऐकतात. नातीच्या नजरेत एकदा मोठं व्हायचं होतं. यात काही पाप नाही. कुणाला वाटत नाही असं?

"आणि सर," त्यांनी विचारलं, "कुणी प्रश्न विचारला आणि मला कळलाच नाही, तर?"

"सरळ म्हणायचं, मला समजलं नाही. तीनच शब्द आहेत."

"शी! गाईडनं असं म्हणायचं? लाज नाही वाटणार?"

सर हसले. "मग लाज झाकायचं वाक्य देतो. हसायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, 'फार चांगला प्रश्न विचारलात. याचं उत्तर मी तुम्हांला शेवटी देते.' शेवटपर्यंत बहुतेक लोक प्रश्न विसरतात."

"आणि एखादा नाही विसरला तर?"

"तो जर्मन असतो. तो घरी जाऊन पुस्तकात शोधून काढतो."

हे वाक्य बाईंना एवढं आवडलं की त्यांनी ते सगळ्यांत आधी पाठ केलं. एप्रिलमध्ये महाल उघडला. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि मार्केतानं स्वतः हात मिळवला. मे महिन्यात डच सायकलवाल्यांच्या घोळक्यातल्या एका उंच माणसानं छताकडे बोट करून काहीतरी लांबलचक विचारलं. बाई हसल्या, मान हलवली, वाक्य म्हटलं. तो खूश. शेवटी विसरलासुद्धा. उलट जाताना टिप ठेवून गेला. झालं! बाईंना वाटलं, आता इंग्रजीनं आपल्यापुढे नांगी टाकली.

जुलैत दोघी आल्या. जर्दाळूंनी झाडं वाकली होती. यित्का वाळून काटकुळी झाली होती, आणि सारखी फोन घेऊन अंगणाच्या टोकाला जायची. टेसा मात्र आजीच्या मागे मागे. स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली, बाही वर केली आणि न सांगता कणकेच्या गोळ्यात जर्दाळू भरायला लागली. पहिले काही उकळत्या पाण्यात फुटले, मग जमले. वर पनीर, साखर आणि तापलेलं लोणी. तिनं इतके खाल्ले की ब्लाझेनाबाईंचा ऊर भरून आला.

पोरीला झोपायला यित्काची माडीवरची जुनी खोली दिली होती. दुसऱ्या दिवशी बाई वर गेल्या तर तिनं पुस्तकं फळीवर लावली होती, कपडे कपाटात रचले होते, खिडकीशी टेबल ओढून घेतलं होतं. आठवड्यासाठी आलेलं माणूस बॅगेतनंच कपडे काढतं. पण बाईंनी मनात म्हटलं, शिस्तीची आहे पोर, माझ्यावर गेलीय.

रात्री जेवताना टेसा आईला काहीतरी म्हणाली. यित्का म्हणाली, "विचारतेय, इथे थंडी फार पडते का."

"पडते की. सांग तिला, नाक गळून पडतं."

"आणि विचारतेय, शहरातल्या शाळेला बस जाते का, किती वेळ लागतो."

"अर्धा तास. का गं? तिला काय आमच्या बसगाड्यांत एवढं?"

यित्कानं खांदे उडवले. तिचं लक्षच नव्हतं. तिचा फोन पुन्हा वाजत होता.

सोमवारी महाल बंद असतो. ब्लाझेनाबाईंनी मार्केताकडून परवानगी काढून ठेवली होती. सकाळी गणवेशाला इस्त्री केली, केस विंचरले, किल्ल्या घेतल्या.

"मी पण येते," यित्का म्हणाली. "भाषांतर करीन."

"काही नको. आम्हांला दुभाषी लागत नाही."

"अगं बाई! असं का?" यित्का किती दिवसांनी हसली. "बरं, राहिले. नाहीतरी तो महाल मला तोंडपाठ आहे."

टेसानं आजीकडे पाहिलं. आई येत नाही म्हटल्यावर तिला हायसं वाटलेलं दिसलं. ते ब्लाझेनाबाईंनी बघितलं आणि त्यांना गुदगुल्या झाल्या. नातीला आपण एकट्या हव्या आहोत!

महालाच्या दर्शनी भागासमोर उभं राहून त्यांनी हात वर केला. पेडिमेंट. फ्रीझ. त्याला तोलून धरणारे सहा आयोनिक खांब, डोक्यावर शंखासारखी वेटोळी, त्यांना म्हणतात व्होल्यूट. एन्टॅब्लेचर तर लोण्यातून सुरी जावी तसं तोंडातून निघालं. टेसाचं तोंड उघडंच राहिलं. "आजी!" ती म्हणाली, आणि पुढे इंग्रजीत काहीतरी, त्यातलं 'यू' आणि 'इंग्लिश' बाईंना कळलं. सोळा वर्षांत पोरीनं त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. देवाशप्पथ, ब्लाझेनाबाई त्या वेळी महालाच्या छताएवढ्या उंच झाल्या होत्या.

आत दोघींनी बुटांवर नमद्याच्या सपाता चढवल्या. लाकडी जमीन ओरखडू नये म्हणून त्या सगळ्यांनाच घालाव्या लागतात. टेसाला मोठ्या झाल्या, ती घसरत घसरत चालायला लागली आणि हसली. जिन्याचं दालन, मग ग्रंथालय, मग शिकारीचं दालन. प्रत्येक ठिकाणी मजकूर, मग कुलूप, मग पुढचं दार.

गोल दालनात आल्यावर बाईंनी मागचं दार लावलं आणि कॉरिन्थियन खांबांच्या डोक्यावरच्या कोरीव पानांचा मजकूर सुरू केला, तोच टेसा थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती चेकमध्ये बोलायला लागली, एकेक शब्द उचलून ठेवत, "आजी… मी… पाहिजे…"

खरं सांगा, कुठल्याही आजीनं काय केलं असतं? पोर आपल्या भाषेत बोलू बघतेय म्हटल्यावर तिला जवळ ओढलं असतं. पण ब्लाझेनाबाईंच्या डोक्यात त्या दिवशी इंग्रजीचं वारं शिरलं होतं. त्यांनी बोट उभं केलं, मान हलवली आणि लाडानं म्हणाल्या, "नो, नो! इंग्लिश, प्लीज!"

टेसानं श्वास घेतला. आणि मग बोलली. हळू आवाजात, भरभर, खूप वेळ. मधेच तिचा आवाज चिरकला, तिनं नाक पुसलं आणि पुन्हा बोलली. बाईंच्या कानांनी जमतील तेवढे शब्द वेचले. मम. डॅड. स्कूल. हिअर. यू. हे खांबांविषयी नव्हतं. एवढं तर त्यांना कळलंच.

फोन खिशात होता. यित्का दहा मिनिटांत आली असती. किंवा ते तीन शब्द होते, मला समजलं नाही. येत होते त्यांना. नुसता हात धरून खिडकीत बसवलं असतं तरी पुष्कळ होतं. पण आताच पोरगी केवढ्या कौतुकानं बघत होती! आताच म्हणायचं की मला काही कळत नाही, मी नुसती पोपटपंची करते? सकाळी दुभाषी नको म्हणून तोऱ्यात निघाले, आणि आता त्याच दुभाष्याला फोन लावायचा? असेल काहीतरी आईबापांचं, घरी गेल्यावर यित्काला हळूच विचारू, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

आणि त्या हसल्या, मान हलवली आणि म्हणाल्या, "फार चांगला प्रश्न विचारलात. याचं उत्तर मी तुम्हांला शेवटी देते."

टेसा क्षणभर गोंधळली. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं मान डोलावली. "ओके," ती म्हणाली, आणि आजीच्या हाताला एकदा हात लावला.

पुढची दालनं तिनं इतकं मन लावून ऐकली की बाईंना धन्य धन्य वाटलं. कुलूप लावताना ती किल्ल्या धरायची. बाईंच्या तोंडाकडे बघत राहायची. शेवटचं दालन झालं, दोघी बाहेरच्या दारात आल्या. टेसानं सपाता काढल्या, पण टोपलीत टाकल्या नाहीत. छातीशी धरून उभी राहिली.

काहीतरी बाकी आहे असं ब्लाझेनाबाईंनाही वाटलं. बाकी होता तो मजकुराचा शेवट. त्यांनी हात जुळवले, पाठ ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "आपण लक्षपूर्वक ऐकलंत, आभारी आहे. आमच्या महालाला भेट दिल्याबद्दल धन्यवाद. पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा."

टेसा बघत राहिली. मग वाकली, सपाता टोपलीत ठेवल्या, नीट जोडीनं ठेवल्या. "थँक यू," ती म्हणाली.

त्या मंगळवारी बाईंनी सरांना सांगितलं, "इतकी भारावली पोर, की तोंडातून शब्द फुटेना!"

यित्काला हळूच विचारायचं राहिलं. म्हणजे विचारलं, पण उडत उडत. "काय गं, पोरगी ठीक आहे ना?" यित्का म्हणाली, "ठीक आहे, वयच तसं आहे." दोघींनाही खोदायचं नव्हतं. शनिवारी त्या गेल्या. टेसानं आजीला मिठी मारली ती लवकर सोडेचना. बाई माडीवर गेल्या तर फळी रिकामी होती आणि चादरीची घडी घातलेली होती.

नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला यित्काचा फोन आला. ओव्हनमध्ये बदक होतं, सोबत लाल कोबी शिजत होता. ब्लाझेनाबाईंनी खांद्यानं फोन कानाशी धरला.

"आई, मी आणि गॅरेथ वेगळे झालो. ऑगस्टमध्येच. तुला सांगितलं नाही."

"अगं माझ्या बाई! आणि टेसा?"

"त्याच्याबरोबर कॅनडाला गेली. त्याला तिकडे नोकरी मिळाली. मी म्हटलं माझ्याकडे राहा, तर नाही म्हणाली. तुमच्या भांडणांच्या घरात मला राहायचं नाही म्हणाली." यित्काचा श्वास ऐकू येत होता. "आई, काल ती फोनवर माझ्याशी भांडली. भांडता भांडता बोलून गेली. तिनं तुला विचारलं होतं?"

"काय विचारलं होतं?"

"महालात. तुझ्याकडे राहू का म्हणून! एक वर्ष. इथल्या शाळेत जाते, चेक शिकते, तुला मदत करते. मम आणि डॅड सारखे भांडतात, तिथे मला नको वाटतं, असं म्हणाली तुला. मला, तिच्या आईला, आधी कळू द्यायचं नव्हतं तिला, तुझं हो आलं की मग सांगणार होती. वसंतापासून चेक शिकत होती ती, आई. मोबाइलवर. एकटीच."

ब्लाझेनाबाई खुर्चीवर बसल्या.

"ती म्हणते, आजीनं सांगितलं, चांगला प्रश्न आहे, शेवटी उत्तर देते. म्हणून मी शेवटपर्यंत थांबले. आणि शेवटी आजी म्हणाली, भेटीबद्दल धन्यवाद, पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा. आई, तू असं म्हणालीस?"

"मला कळलं नव्हतं गं," बाई म्हणाल्या. "देवाशप्पथ, मला एक अक्षर कळलं नव्हतं."

"मग तसं म्हणायचं होतंस!" यित्का ओरडली. "मला नाही कळलं म्हणायला काय झालं होतं तुला? ती म्हणते, आजी किती छान इंग्रजी बोलत होती, तिला सगळं कळत होतं. आजीनं नीट विचार करूनच 'नाही' म्हणून सांगितलं. मी परत कशाला विचारू?"

"यित्का…"

"तुला कधी म्हणजे कधी म्हणता येत नाही, आई. चुकले म्हणता येत नाही, कळलं नाही म्हणता येत नाही." आणि मग तीच रडायला लागली. "मलाही दिसायला हवं होतं. खोली लावली होती तिनं. शाळेची बस विचारत होती. मी फोन घेऊन अंगणात होते."

ब्लाझेनाबाईंनी ओव्हन बंद केला, कोट चढवला आणि तशाच झावादिल सरांकडे गेल्या. घरी एकट्या बसल्या असत्या तर वेड लागलं असतं. सरांनी दार उघडलं, त्यांचा चेहरा बघितला, आत घेतलं आणि न विचारता प्लमची घरची दारू ओतली. बाईंनी सगळं सांगितलं. गोल दालन सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वाक्य मी दिलं होतं," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

"तुम्ही ते परक्यांसाठी दिलं होतंत. मी घरच्या पोरीच्या तोंडावर फेकलं." त्यांनी डोळे पुसले. "जन्मभर वाट बघितली हो मी. या घरात कुणीतरी पाहुणं म्हणून नाही, राहायला यावं म्हणून. ते माणूस समोर उभं राहून मागत होतं, आणि मी त्याला खांब दाखवत होते."

सरांनी त्यांचा पेला पुन्हा भरला. बाईंनी तो बाजूला सारला.

"मला शिकवा," बाई म्हणाल्या. "मला कळलं नव्हतं, हे. मला तू हवी होतीस, हे. खोली तुझी आहे, ये. एवढंच शिकवा."

"बाई, आता…"

"बैल गेला आणि झोपा केला, ठाऊक आहे मला. तरी शिकवा."

अर्धा तास लागला. सर म्हणाले होते तसंच, खरंच फारसं काम नव्हतं त्यात. सगळे लहान लहान शब्द. एन्टॅब्लेचरएवढा एकही नाही. बाई ते घोकायला लागल्या तशी सरांनी त्यांचा हात धरला. "पाठ करू नका. अडखळलात तरी चालेल."

तिकडे कॅनडात सकाळ होती. यित्कानं दिलेला नंबर सरांनी लावला आणि फोन टेबलावर मधोमध उभा केला. पडद्यावर टेसा आली. केस कापले होते. मागे कुणाचं तरी अनोळखी स्वयंपाकघर, आणि खिडकीत बर्फ.

"आजी?" ती दचकून म्हणाली.

ब्लाझेनाबाई इंग्रजीत बोलल्या. पाठ ताठ नव्हती, हात कुठे ठेवावे कळत नव्हतं, दोन ठिकाणी शब्द चुकले. "टेसा. त्या दिवशी मला समजलं नाही. काहीच समजलं नाही. मला लाज वाटली म्हणून मी बोलले नाही. मला तू हवी होतीस. आता पण हवी आहेस. खोली तुझी. ये. चुकले मी."

टेसानं तोंडावर हात धरला. तिचे डोळे भरले. मग हात खाली घेतला आणि हळू, प्रत्येक शब्द सुटा करून, आजीला समजावा म्हणून अगदी सोपा करून बोलली. "आजी, मी थांबले होते. घरी गेल्यावरसुद्धा थांबले होते. रोज वाटायचं, आज फोन येईल. आता इथे माझी शाळा आहे. मैत्रिणी आहेत. आता मला नाही यायचं. पण मला राग नाही. रडू नकोस ना, आजी."

सर बाईंकडे वळले आणि भाषांतर करायला तोंड उघडलं.

"नको," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "कळलं मला."